कुरुळीची चाळ मला पाठ आहे

६ जानेवारी, सोमवार

आजपासून नोकरी. संस्थेची. पदाचं नाव इंग्रजीत आहे, लांबलचक. मराठीत सांगायचं तर वस्तीवर जायचं आणि लोकांची ओळख करून घ्यायची. ह्याला पगार देतात. मी जन्मभर फुकट करत आले.

मिनल मॅडमनी ट्रेनिंग दिलं. पोरगीच आहे, पण शिकलेली. म्हणाल्या, केसरताई, पहिले काही महिने कुणाला सल्ला द्यायचा नाही, आश्वासन द्यायचं नाही, नुसतं फिरायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि ऐकायचं. मी मान हलवली. काही महिने? मला माणूस बघितला की कळतो. दाराबाहेरच्या चपला बघितल्या की घर कळतं. आठवड्यात पाठ करते.

रोज लिहायचं असंही सांगितलं. ऑफिससाठी एक वही दिली. ही दुसरी माझी. ऑफिसच्या वहीत गोड लिहीन, हिच्यात खरं लिहीन. चौथी पास आहे पण अक्षर चांगलं आहे.

मला दिघीतलीच वस्ती देत होते, घरापासून चालत जाण्यासारखी. मी कुरुळी मागितली. मॅडमनी विचारलं का. म्हणलं, बदल पाहिजे. शेजारच्या सुमनताईंनी ऋतिकला कुरुळी फाट्यावर बघितलं म्हणतात. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

ऋतिक म्हणजे आमचा एकुलता एक. घर सोडून दीड वर्ष झालं. मी त्याला शोधत नाही. यायचं असेल तर येईल. पाय आहेत त्याला.

८ जानेवारी, बुधवार

चाळ बघितली. यशवंतरावांची. गावातलाच माणूस, जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या. समोरासमोर, मधे बोळ, वर पत्रे. राहणारे सगळे कंपन्यांत कामाला, कोणी लातूरचं, कोणी चिपळूणचं. भर दुपारी निम्म्या दारांना कुलपं. ऑफिसच्या वहीत लिहिलं, बहुतेक घरं रिकामी, लोक कामावर. काम सोपं झालं. उरलेल्यांशीच बोलायचं.

यशवंतरावांची आई गोजाबाई ओट्यावर बसून असते. म्हणाली, कोण गं तू. सांगितलं. म्हणाली, वळख करून घ्यायला आलीस व्हय, मग हळू बोल की. मी हळूच बोलत होते.

जाता जाता उगीच विचारलं, दिघीकडचा कोणी मुलगा राहतो का हितं, उंच, डाव्या भुवईवर खूण असलेला. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली न्हाई बाई. ऐकू कमी येत असावं.

९ जानेवारी, गुरुवार

मॅडम म्हणतात, गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, माणसं घरी असतात, गुरुवारी जा. म्हणलं, पुरुष घरात असले की बाया बोलत नाहीत. मला अनुभव आहे. शिवाय गुरुवार माझा चादरी धुण्याचा.

गुरुवारी हे पण घरी नसतात. दत्ताच्या देवळात जातात. सकाळी गेले की दिवेलागणीला परत. कंपनीत होते तोवर देवापुढं कधी हात जोडले नाहीत, रिटायर झाल्यापासून एवढी भक्ती. प्रसाद मात्र एकदाही आणला नाही. विचारलं तर म्हणाले, माझा नंबर येईपर्यंत संपतो. पुरुषांना रांगेत पुढं घुसता येत नाही, दुसरं काय.

१५ जानेवारी, बुधवार

बायांना एकत्र आणायला चाळीत हळदीकुंकू ठेवलं. कल्पना माझीच. मॅडम म्हणाल्या, आधी विचारून बघा बायांना. म्हणलं, हळदीकुंकवाला काय विचारायचं, बायका उड्या मारत येतात. चार वाजता ठेवलं. तिळगूळ घरी केले, वाण म्हणून प्लास्टिकच्या चाळण्या घेतल्या.

चार वाजता पाणी येतं. चाळीत नळ एकच. सगळ्या बाया बोळाच्या त्या टोकाला हंडे घेऊन, मी ह्या टोकाला चाळण्या घेऊन. पाणी गेल्यावर सेकंड शिफ्टच्या बाया गेल्या, फर्स्टच्या आल्या त्या स्वयंपाकाला लागल्या. समोरच्या रांगेतली नीला आली, म्हणाली, ताई, आमच्या रांगेत सगळी बौद्ध घरं, आम्ही हळदीकुंकू करत नाही, पण तिळगूळ द्या, गोड कोण सोडतं. दिला. तिनं पोरांसाठी अजून दोन उचलले.

उरली गोजाबाई. म्हणाली, मला विधवेला काय करायचं वाण. म्हणलं, घ्या गप, चाळण आहे, पीठ चाळायला नवरा लागत नाही. घेतली. हसली पण. पहिल्यांदा दात दिसले, आहेत तेवढे.

ऑफिसच्या वहीत: कार्यक्रम उत्साहात पार पडला.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक बाई पटली. सोनल. रांगेच्या टोकाची खोली. ओट्यावर बसून रबरी वायसरांच्या कडा कात्रीनं कापत होती. कंपनीतून पोती येतात, बाया घरी बसून करतात. चेहरा तरतरीत. पोटुशी आहे, चार-पाच महिने असतील, मला न सांगता कळलं.

गंमत म्हणजे स्वतः ओट्यावर आणि पाठीमागं स्वतःच्या दाराला बाहेरून कुलूप. म्हणलं, अगं येडी का तू, घराला कुलूप लावून घरापुढं बसलीस. हसली. म्हणाली, सवय आहे ताई. किल्ली मंगळसूत्राला अडकवलेली. चहा सांगितला तर शेजारणीच्या गॅसवर करून आणला, स्वतःचा गॅस आत असताना. असल्या बावळट पोरींसाठीच संस्था काढाव्या लागतात.

नवरा निघोज्याला कुठल्याशा पार्टच्या कंपनीत आहे म्हणाली. कधी दिसत नाही म्हणलं. म्हणाली, दिवसा नाही दिसत. म्हणलं, सांभाळ, न दिसणारे नवरे बरे नसतात. पुन्हा हसली. हसरी आहे. मला हसऱ्या मुली आवडतात. आपल्याकडं एखादी अशी आली असती तर. असो.

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी वस्तीचा नकाशा मागितला. पद्धत अशी की बायांनी जमिनीवर रांगोळीनं काढायचा, आपण बघायचं. एवढा वेळ कुणाला आहे. मी घरीच पट्टी घेऊन काढला. दोन रांगा, नळ, मारुतीचं देऊळ, किराणा. सुरेख झाला. मॅडमनी बघितला, घडी केली आणि म्हणाल्या, आता बायांकडून काढून घ्या.

काढून घेतला. नीलानं मी काढलेला रस्ताच खोडला, म्हणाली तिथून कोणी जात नाही, दारूचं दुकान आहे, आम्ही मागच्या शेतातून जातो. एकीनं नळ इतका मोठा काढला की देऊळ मावेना. सोनलनं काही खोल्यांवर कुंकवानं एकेक पान काढलं. जवळजवळ निम्म्या खोल्यांवर. स्वतःच्या खोलीवर पण. मी म्हणलं, छान नक्षी आहे. सगळ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि गोजाबाई पदर तोंडाला लावून खोकली.

मी पण दोन पानं काढली, रिकाम्या जागी, जोडी जुळावी म्हणून. त्यांनी नंतर ती पुसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सोनलकडं दोन तास बसले. आता चाळीत माझं तिथं हक्काचं ठिकाण आहे. मॅडमचं ऐकायचं-ऐकायचं चालू असतं, पण पोटुशा बाईला सल्ला द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा. सांगितलं, पोतं उचलू नको, नळावर हंडा भरून घेऊ नको, रात्रीचं दही नको.

सासूबद्दल विचारलं. म्हणाली कडक आहेत. भेटलीस का. म्हणाली, अजून नीट भेट नाही. लग्नाला आल्या नव्हत्या. मला राग आला. म्हणलं, कसली बाई आहे, सून पोटुशी आणि उंबरा ओलांडला नाही. तुझ्या जागी मी असते तर तोंडावर बोलले असते. सोनल म्हणाली, मला नाही जमत तसं. म्हणलं, जमवायला लागतं, अशा बायांना समोरून ऐकवलं तरच कळतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटुशी असली की बाई हळवी होते. डोहाळे विचारले. दाराच्या कुलपाकडं बघितलं, मग म्हणाली, शेंगोळे. हुलग्याचे. म्हणलं, आणते की, माझ्या हातचे खाऊन बघ. ऋतिकला फार लागायचे. हे तिला सांगितलं नाही, इथंच लिहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शेंगोळे नेले. डबा भरून. तो गेल्यापासून केले नव्हते, हुलगे किडले होते, नवे आणले. सोनलनं डबा हातात घेतला आणि झाकण न उघडता मांडीवर धरून बसली. म्हणलं, खा की, गार होतील. म्हणाली, दोघं मिळून खातो.

हिच्या मोबाईलला सारखे मिस्ड कॉल येतात. उचलत नाही. आला की माझ्याकडं बघते, म्हणते, ताई तुम्हाला उशीर होत असेल. म्हणलं, मला कसला उशीर, मी ड्युटीवरच आहे. आज तर वाजतच होता. सांगितलं तिला, नवरा असा छळत असेल तर बोल, संस्थेत वकीलबाई आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे देवळातून आले. जेवताना म्हणाले, शेंगोळे छान झाले होते म्हणे. म्हणलं, म्हणे म्हणजे, घरातलं पातेलं तुम्हीच संपवलंत ना. त्यांना ठसका लागला. पाणी दिलं. रिटायर माणसांचं असंच होतं, बोलताना काय बोलतात त्यांचं त्यांना कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डबा परत मिळाला. लखलखीत घासलेला, आत गूळशेंगदाणे. रीत आहे पोरीला. विचारलं, नवऱ्यानं खाल्ले का. म्हणाली, हो. काही म्हणाला का. म्हणाली, काही नाही म्हणाले, खाली मान घालून खाल्ले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. म्हणलं, दोन शब्द बोलायला काय झालं होतं मेल्याला. सोनल म्हणाली, बोलायची सवय मोडली त्यांची. लहानपणी बोलायला लागले की घरातलं कोणी पूर्ण बोलू द्यायचं नाही.

हे मला पटलं नाही. लहान मुलांचं सगळं ऐकत बसलं तर घर कसं चालणार.

निघताना मला आई म्हणाली. म्हणलं, ताई म्हण. मी काही एवढी म्हातारी नाही.

ऑफिसच्या वहीत: वस्तीचा विश्वास संपादन केला.

४ मार्च, मंगळवार

आज सोनलकडं बसले असताना नीला पण आली, अजून दोघी आल्या. चौघी-पाच जणी ओट्यावर. ह्यालाच मॅडम गटचर्चा म्हणतात. न बोलावता झाली. मला पंधरा वर्षांचा अनुभव असल्यासारखं वाटलं.

विषय पोरांचा निघाला. हल्ली मुलं स्वतःच्या मनानं लग्न ठरवतात असं कोणीतरी म्हणालं. मी माझं मत सांगितलं. स्पष्ट. म्हणलं, आईपुढं मोबाईल धरायचा, ही बघ म्हणायचं, ह्याला काय विचारणं म्हणतात का. अशा वेळी आईनं फोटो बघायचा नसतो. नावसुद्धा विचारायचं नसतं. नाव विचारलं की अर्धं होय झालं. मोबाईल पालथा घालायचा आणि सांगायचं, ती किंवा मी. बाया गप्प झाल्या. पटलं असावं.

तेव्हा सोनल म्हणाली, ताई, तुम्हाला मुलं किती?

म्हणलं, मला मूल नाही.

आत खोलीत काहीतरी पडलं. भांडं असावं, बराच वेळ गरगरत राहिलं. म्हणलं, उंदीर झालेत तुझ्याकडं, औषध ठेव. कोणी हसलं नाही. सोनलच्या हातातली कात्री थांबली होती. नीला उठून गेली, तिच्यामागं बाकीच्या. मी जरा वेळ बसले. सोनलनं चहा सांगितला नाही.

मी बोलले त्यात चूक काही नाही. लोकांच्या घरचं विचारायचं असतं, आपल्या घरचं काढायचं नसतं. हे ट्रेनिंगमध्येच आहे. आणि ती बिचारी ऋतिकला ओळखत नाही, तिला खरं सांगितलं काय आणि खोटं सांगितलं काय.

जेवण गेलं नाही. ऊन लागलं असणार.

१० मार्च, सोमवार

सोनलच्या खोलीला कुलूप नाही. दार सताड उघडं. आत दुसऱ्याच कुणाचं तरी सामान, एक पोरगा भिंतीला खिळा ठोकत होता. म्हणलं, आधीचे कुठं गेले. म्हणाला, माहीत नाही मावशी, आम्ही कालच आलो.

सांगून जायची पद्धत नाही. दोन महिने मी येतेय, शेंगोळे करून घालतेय. नीलाला विचारलं, ती हंडा घेऊन नळाकडं गेली. पाण्याची वेळ नव्हती. गोजाबाई म्हणाली, बस जरा, बोलायचंय. मला घाई होती. मॅडमना रिपोर्ट द्यायचा होता. खरं तर रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय.

आजकालच्या मुली. माया लावून घेतात आणि जातात.

१७ मार्च, सोमवार

गोजाबाईनं आज हाताला धरून बसवलं. म्हातारीच्या हातात जोर आहे. म्हणाली, आता तू बोलू नगंस, मी बोलते. मी म्हणलं, बोला की. म्हणाली, हे बी बोलू नगंस.

मग तिनं कुलपाचं सांगितलं. कुलूप असलं म्हणजे खोली रिकामी असं नसतं. थर्ड शिफ्टवाला सकाळी येतो, अंथरुणावर पडतो. दार नुसतं लोटलेलं दिसलं की विकणारे येतात, हप्तेवाले येतात, पोरं चेंडू घ्यायला शिरतात. म्हणून बायको नाहीतर पार्टनर बाहेरून कुलूप लावतो आणि ते बघून कोणी वाजवत नाही. आतल्याला बाहेर यायचं असलं तर मिस्ड कॉल देतो. समद्या चाळीला म्हाईत हाय. तू येतीस त्या येळी निम्मी चाळ झोपल्याली असती, आन तू बोळातून पिपाणीवानी बोलत जातीस. सोनलनं नकाशात काढल्यालं ते पान न्हवतं, मिटल्याला डोळा व्हता.

म्हणलं, मग मला कोणी सांगितलं का नाही. म्हणाली, तू इचारलंस व्हय.

मी उठायला लागले. तिनं हात सोडला नाही. म्हणाली, त्या कडंच्या खोलीत तुजाच पोरगा झोपत व्हता.

मी म्हणलं, कोण.

म्हणाली, ऋतिक. तू पयल्या दिशी आलीस तवाच त्यानं खिडकीतून बघितलं. समद्यांना हात जोडून सांगितलं, आईला सांगू नका. खोली सोडायला निगाला व्हता तवाच. सोनलनं थांबवला. म्हनली, येऊ द्या त्यास्नी, मला बघायच्यात कशा हायती.

मग बाकीचं सांगितलं. मी तासन्‌तास बसायचे तेव्हा तो आत लघवी आवरून पडायचा आणि मिस्ड कॉल द्यायचा. शेंगोळे त्यानंच खाल्ले. आणि चार मार्चला मी जे बोलले ते त्यानं दाराच्या आत उभं राहून ऐकलं. पाणी प्यायला उठला होता, तांब्या हातात होता.

गोजाबाई म्हणाली, त्या दिशी त्यो जेवला न्हाई का कामावर गेला न्हाई. दुसऱ्या दिशी खोली बघायला गेला. सोनल लई रडली.

कुठं गेले म्हणलं. म्हणाली, सांगू नगं म्हनलाय. मी सांगनार न्हाई. तू कितीबी वरड. मी ओरडत नव्हते. मला वाटतं, मी ओरडत नव्हते.

१८ मार्च, मंगळवार

म्हातारीचं वय झालं आहे. तिला चष्मा नाही. उंच मुलं काय एकच असतात का. भुवईवर खूण कुणालाही असते, लहानपणी सगळेच पडतात. ऋतिक आमच्या पायरीवरून पडला होता, मी दवाखान्यात उचलून नेला होता. तो रडत काहीतरी सांगत होता, मी म्हणलं गप, रक्त जास्त येईल.

ऑफिसला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी हे देवळात जायला निघाले. चपला घालत होते. मी म्हणलं, कुठलं दत्ताचं देऊळ.

म्हणाले, आपलं हे इथलं.

म्हणलं, निघोज्याच्या अलीकडे आहे का पलीकडे.

एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उभे राहिले. मी एवढी वर्षं संसार केला, ह्या माणसाला खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, मी सांगणार होतो, तू ऐकून घेतलं असतंस का. म्हणलं, घेतलं असतं. मग त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. लग्नाला पण गेले होते. आळंदीला झालं. मला मयताला जातो म्हणून सांगितलं होतं. ते आल्यावर मी अंघोळीचं पाणी काढून दिलं होतं.

जा म्हणलं. गाडी चुकेल. म्हणाले, काही सांगू का तिकडं. म्हणलं, काही नको. मग ते कोपऱ्यावर गेल्यावर गॅलरीतून ओरडून सांगितलं, तिला म्हणावं आता जिने चढू नको.

२४ एप्रिल, गुरुवार

आज पहिल्यांदा गुरुवारी चाळीत गेले. घरी बसवत नाही. सगळी माणसं घरी. कुलूप एकही नाही. ज्यांना मी कधी बघितलं नव्हतं ते बाप्ये ओट्यावर लेकरं घेऊन बसलेले, डोक्याला तेल लावून घेत होते, कोणी बायकोला कांदा चिरून देत होतं. मला वाटत होतं चाळ अर्धी रिकामी आहे. बसायला जागा नव्हती.

मी काही बोलले नाही. नीलानं सरकून जागा दिली. तिच्या नवऱ्यानं चहा आणला. मग नीला आपणहून सांगायला लागली, लाइनीवरच्या सुपरवायझरचं, धाकट्या पोराच्या दम्याचं. मी नुसती बसले होते. अजून दोघी आल्या. अंधार पडेस्तोवर.

मॅडमना कळलं, खूश झाल्या. म्हणाल्या, केसरताई, हेच पाहिजे होतं, आता तुम्ही खऱ्या वस्तीत शिरलात. दिघीच्या पोरींना ट्रेनिंग द्याल का. म्हणलं, देते. काय सांगणार आहे देव जाणे.

१५ मे, गुरुवार

ह्यांना म्हणलं, मी येते बरोबर. म्हणाले, त्याला विचारतो. माझ्याच पोटच्या पोराला भेटायला विचारायला लागतं. बरं, विचारा म्हणलं.

संध्याकाळी आले. पाय धुतले, चहा घेतला, पेपर वाचला. वाचलेलाच पेपर. शेवटी म्हणाले, आत्ता नको म्हणाला.

आत्ता नको म्हणजे कधी, असं मी विचारलं नाही. आत्ता नको म्हणजे नको नव्हे. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी औषधाला पण आधी आत्ता नको म्हणायचा, मग घ्यायचा.

मी नाक दाबून पाजायचे, ते वेगळं.

१२ जून, गुरुवार

मुलगी झाली. रविवारी. हे आज बघून आले. दोघी बऱ्या आहेत म्हणाले. कोणासारखी आहे म्हणलं. म्हणाले, एवढ्यात काय कळतं. मग म्हणाले, रडते फार, ऐकून घेत नाही कुणाचं. आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

सोनल माझी आठवण काढत होती म्हणतात. हे खरं असेल का ह्यांनी पदरचं घातलं असेल कोण जाणे. ह्या माणसाचं आता काही सांगता येत नाही.

ऋतिकनं काही विचारलं का म्हणलं. म्हणाले, नाही.

१९ जून, गुरुवार

बारशाला मला बोलावणं नव्हतं. हे गेले होते. येताना घुगऱ्या आणल्या, पुडीत. नाव काय ठेवलं ते सांगत होते. मी म्हणलं, थांबा, ते मला तो सांगेल. म्हणाले, आणि नाही सांगितलं तर. म्हणलं, तर मग नाही.

खूप दिवसांनी मी कुणाला तरी बोलताना अडवलं. ह्या वेळी बरोबर अडवलं असं वाटतं. नक्की माहीत नाही.

ह्यांचा शर्ट धुवायला घेतला. खांद्यावर पांढरा डाग, वाळलेला. तिला खांद्यावर घेतलं असणार आणि दूध ओकलं असणार तिनं. वास पण आहे, वेखंडाचा.

बादली भरली, साबण टाकला, बाकीचे कपडे भिजवले. शर्ट अजून मांडीवर आहे. उद्या धुवीन. उद्याही हवा दमटच आहे, वाळणार नाही. परवा बघू.